पाच नंबरचा डबा

मी, वर्धमान बाबगोंडा नेजकर, वय ६९ वर्षे, धंदा मोटार वाइंडिंग, मूळ गाव पेठ वडगाव, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. आज बुधवार, दि. २० ऑगस्ट २०२५. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, नशेचा पदार्थ मी जन्मात घेतलेला नाही, आणि या घडीला घरात मी एकटा आहे. माझी पत्नी सौ. त्रिशला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली आहे. हात तेवढा कापतो. तो भीतीने कापतो आहे, आजाराने नाही. पुढे कोणी अक्षर बघून शंका काढू नये म्हणून हे आधीच नोंदवून ठेवतो.

येत्या २८ तारखेला, गुरुवारी, माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. पर्युषणाचा तो पहिलाच दिवस. मुलगा म्हणाला पुढे ढकलू, डॉक्टर म्हणाले ढकलू नका. शंभरातले सत्त्याण्णव पेशंट चालत घरी जातात असं त्यांनी सांगितलं. उरलेल्या तिघांचं काय, असं मी विचारलं तर ते हसले. मला त्या टेबलावर झोपायची भीती वाटते, हे कबूल करायला मला लाज नाही. पण माझी दुसरी भीती सात वर्षांची जुनी आहे, आणि खरं म्हणजे हा कागद मी तिच्यासाठीच पुढे ओढला आहे. ती कलम सहामध्ये येईल. आधी घरदार आवरून घेतो.

कलम १. राजारामपुरीतलं राहतं घर त्रिशलाच्या हयातीत संपूर्णपणे तिचं. तिच्या पश्चात मुलगा जिनेश आणि मुलगी ऐश्वर्या यांना समसमान. वरच्या खोलीतलं शिवणकामाचं टेबल मी १९९६ साली तिच्याकडून दोन दिवसांसाठी मागून घेतलं होतं. ते तिला परत करावं. अंथरुणात तारेचे तुकडे टोचतात म्हणून तिने तीस वर्षं कटकट केली, पण अंथरूण वेगळं घातलं नाही, याची मी इथे जाहीर नोंद करतो.

कलम २. बँकेतल्या आणि पतसंस्थेतल्या ठेवी तिच्याच. पासबुकं देवघराच्या खालच्या कप्प्यात आहेत. याविषयी जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. उद्यमनगरातल्या माझ्या गाळ्यावर एक पाटी आहे: "ओव्हरलोड रिलेला काडी लावून जाळलेली मोटार येथे भरून मिळणार नाही." ही पाटी काढून जपून ठेवावी. शेतकऱ्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही, बाकीच्यांना सांगतो. मोटार भरणं म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणं. विहिरीवरची मोटार जास्त करंट खेचायला लागली की स्टार्टरमधला रिले तिला बंद पाडतो. पाणी अर्ध्यावर थांबतं. मग लोक रिलेत आगपेटीची काडी खोचतात. मोटार बंद पडायची थांबते आणि दोन दिवसांनी जळून माझ्या गाळ्यात येते. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना यावरून शिव्या दिल्या. "बंद पडतीया म्हंजे जीव वाचवतीया तुमचा, आणि तुम्ही तिच्याच नरड्यात काडी घालता व्हय?" हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल त्याचा हिशेब नाही. ते पुढे लागणार आहे म्हणून लिहिलं.

कलम ४. आता छंद. हा कागद ज्यांच्यापुढे जाईल त्यांना हा प्रकार ठाऊक असण्याचं कारण नाही. स्लॉट कार म्हणजे तळहातावर मावणारी विजेची गाडी. पाटावर लांब खाच पाडलेली असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखालचं पातं खाचेत बसतं, आणि तारेच्या दोन विणलेल्या शेपट्या पट्ट्यांवर घासत करंट घेतात. माणसाच्या हातात खटका. दाबला की पळते, जास्त दाबला की वळणावर उलटते. संपलं. साठीतली माणसं दर रविवारी जमून हे खेळतात असं ऐकून माझ्या व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

१९९४ साली एका फौंड्रीमालकाच्या घरून बंद पडलेला परदेशी सेट माझ्याकडे आला. एवढीशी मोटार भरता येईल का, असा निरोप होता. मी दहा हॉर्सपॉवरच्या मोटारी भरणारा माणूस, आणि हिचा फिरता गाभा सुपारीहून लहान. भिंग लावून केसासारखी तार गुंडाळत तीन दिवस बसलो. फिरली. मग डोक्यात आलं की वेढे कमी केले आणि तार जाड घेतली तर काय होईल. तसं केलं. गाडी पाटावरून उडाली ती त्रिशलाच्या कणकेच्या परातीत पडली. त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

पण गाडीचं वरचं अंग हे माझं काम नव्हे, ते आकारामचं. आकाराम रामू नांदवडेकर, मूळचा नेसरीचा, माझा मित्र. माझ्या गाळ्याच्या मागेच त्याचं पॅटर्नचं दुकान होतं. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उठवायला लाकडाचा नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. केसाचा फरक पडू न देता पॅटर्न करणारा त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. मी मोटार भरायची, चाकं लेथवर सरळ करायची, बुडाला शिसं लावून तोल साधायचा. त्याने लाकडातून गाडी कोरायची. दुसरीकडच्या लोकांनी केल्या असतील शर्यतीच्या चकचकीत गाड्या. आम्ही लाल एस.टी. केली, अँबॅसडर केली, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर केला. ट्रॅक्टर वळणावर हमखास उलटायचा. आकाराम म्हणायचा, "उलटू दे की. खरा बी उलटतोयच."

कलम ५. गाड्यांची वाटणी पुढीलप्रमाणे.

लाल एस.टी. ऐश्वर्याला. गाडीच्या कपाळावरची पाटी ऐश्वर्यानेच शाळेत असताना बारीक ब्रशने रंगवली होती. टपावर पोळल्याचा काळा डाग आहे, तो कोणी घासून काढू नये.

बाकी कपाटातल्या सगळ्या गाड्या जिनेशला. "पप्पा, हे सगळं भंगार आहे, मी नेटवर टाकतो, कोणीतरी वेडा घेईल," असं तो मागच्या दिवाळीत म्हणाला. त्याने खुशाल विकाव्यात. फक्त मोटारी काढून सुट्या विकू नयेत.

ट्रॅक्टर त्रिशलाकडे राहील.

रविवारच्या मंडळातले श्री. सम्राट बेडक्याळे यांना गाडी देऊ नये. ते गाडीच्या पोटाला लोहचुंबक लावतात. मग गाडी ट्रॅकला चिकटून पळते, उलटत नाही, आणि हाताला काही कसबच लागत नाही. २०१६ चा चषक त्यांनी असाच नेला. चषक मी माफ केला आहे, चुंबक केलेला नाही. तरीपण माझं जाड भिंग त्यांना द्यावं. त्यांची नजर अधू झाली आहे आणि ते कबूल करत नाहीत.

कलम ६. हे कलम लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. पहिल्यांदा मेन स्विच बघायला, दुसऱ्यांदा परत मेन स्विच बघायला, तिसऱ्यांदा पाणी प्यायला.

सेटबरोबर विजेचा जो ॲडॉप्टर येतो तो जास्त करंट खेचला की आपोआप बंद पडतो. मी भरलेल्या मोटारी जास्तच खेचायच्या. म्हणून २०१७ साली मी स्वतः सहा डबे बनवले. आत ट्रान्सफॉर्मर, बाहेर पत्र्याची पेटी, बुडाला पंचने ठोकलेले एक ते सहा आकडे. प्रत्येकात काचेचा फ्यूज बसवला होता, हे शपथेवर सांगतो. पण चार गाड्या एकदम सुटल्या की फ्यूज उडायचा. एका रविवारी भर शर्यतीत तीनदा उडाला. सम्राट म्हणाले, "वर्धमानशेठ, मोटारी भरायचं आता आम्ही शिकवू काय तुमास्नी?" सगळे हसले. आकारामही हसला. दुसऱ्या दिवशी मी सहाही डब्यांतले फ्यूज काढून त्यांच्या जागी तांब्याची तार टाकली. कलम तीनमधली पाटी ज्याने लावली, त्याच माणसाने. एवढा मोसम जाऊ दे, मग बदलतो, असं मनाशी म्हटलं होतं.

११ फेब्रुवारी २०१८, रविवार. आकारामच्या दुकानाच्या माळ्यावर आमचा ट्रॅक मांडलेला असायचा. शर्यत एकला संपली. बाकीचे मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा खायला निघाले, मी घरी वरण-भात खायला. जिना उतरताना आकारामने विचारलं, "डबा बंद केलास न्हवं?" मी म्हणालो, "व्हय." बंद केला होता की नाही हे मला त्या दिवशी आठवलं नाही, आजही आठवत नाही. तोंडातून व्हय गेलं एवढं आठवतं.

तीनच्या सुमाराला धूर दिसला. आत लाकूड, भुसा, पॉलिश. आकाराम माझ्याआधी पोचला आणि थेट वर गेला. त्याचे चाळीस वर्षांचे पॅटर्न त्या दुकानात होते, पण तो पॅटर्न आणायला गेला नव्हता. लाल एस.टी. आणि ट्रॅक्टर उजव्या हातात धरून तो बाहेर आला. तो पंजा नंतर कधी पूर्ण उघडला नाही. तीन बोटं एकमेकांना जुळून गेली. त्या हाताने पटाशी धरता येत नाही, पेन धरता येत नाही, घासही तो डाव्या हाताने घेतो.

त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी त्या रिक्षात असायला हवा होतो. मी मागे थांबलो, आग विझल्यावर मागच्या दाराने आत गेलो, राखेतून एक नंबरचा डबा उकरून काढला आणि गोणपाटात गुंडाळून माझ्या गाळ्यात नेला. उघडून बघितला. ट्रान्सफॉर्मरचा कोळसा झाला होता. ट्रॅककडे जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. मी टाकलेली तार मात्र शाबूत होती. तिथे फ्यूज असता तर तो उडाला असता आणि डबा गार पडला असता. जळकी मोटार बघून ती कशाने जळाली हे सांगणं माझा धंदाच आहे, त्यामुळे स्वतःला फसवायलाही जागा राहिली नाही.

लोक म्हणाले, लाकूड चिकटवायचा सरस वितळवायची शेगडी चालू राहिली असणार. आकारामलाही तेच वाटलं. दवाखान्यात त्याची बायको धोंडुबाई मला म्हणाली, "त्या शेगडीनं खाल्लं ओ भावजी आमाला." मी मान डोलावली. त्याने दुकान परत उभं केलं नाही. ज्या फौंड्रीला तो पॅटर्न द्यायचा, तिच्याच गेटवर खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या ट्रकांचे नंबर डाव्या हाताने वहीत उतरवतो.

आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावणी असते. त्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकाला म्हणायचं की वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. सात वर्षं मी पहिला फोन आकारामला केला. दरवर्षी तो हसतो. "तुझं काय चुकायचंय लेका!" मी म्हणतो, तसं नव्हे, पद्धत असते. आणि फोन ठेवून देतो. कोणत्या चुकीची क्षमा, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. तरी क्षमा मिळाली असं धरून चाललो.

आता पाच नंबरचा डबा. एक जळाला. दोन, तीन, चार आणि सहा मंडळातल्या लोकांच्या घरी होते, ते मी "नवीन मॉडेल करून देतो" असं सांगून परत मागितले आणि तोडले. पाच नंबरचा राहिला. तो केरबा गावडेकडे आहे. केरबा हा धोंडुबाईचा भाऊ. दोन वर्षं कोल्हापुरात कामाला होता, रविवारी खेळायला यायचा. २०१७ च्या दिवाळीत काम सोडून चंदगड तालुक्यातल्या आपल्या गावी गेला. जाताना मीच त्याला डबा, जुना ट्रॅक आणि दोन गाड्या दिल्या. गावाचं नाव विचारायचं राहिलं. त्याचा फोन नंतर लागेना. कोल्हापुरात ज्याला त्याचा पत्ता सांगता येईल असं मला माहीत असलेलं एकच घर आहे, ते आकारामचं. आणि पत्ता मागितला की आकाराम विचारणार, कशाला?

त्या एका प्रश्नाच्या भीतीने सात वर्षं गेली. पेपर आला की मी आधी चंदगडची बातमी शोधतो. स्टँडवर चंदगड गाडीची पाटी दिसली तरी मी तोंड फिरवून दुसऱ्या फलाटाकडे जातो. तिकडे पाऊस असा की भिंतींना बुरशी धरते, मग ट्रान्सफॉर्मरमधला कागद कोरडा कसा राहील? केरबाचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे रोज नवीन दिसतं. कधी डब्याशेजारी गवताची गंजी असते, कधी काजूची पोती. कधी सोप्यात, म्हणजे ओसरीवर, मूल झोपलेलं असतं आणि त्याच्या उशाला माझा डबा गरम होत असतो. हा डबा मी माझ्या हाताने भेट म्हणून दिला आहे. त्या घराचं काही झालं तर ते मी केलेलं असेल.

सबब मी लिहून ठेवतो की, माझ्या मृत्यूनंतर जिनेशने आकारामकडून पत्ता घ्यावा, ताबडतोब जाऊन डबा तोडावा, आणि नंतर हे कलम आकारामला मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम ७. उद्यमनगरातला माझा गाळा, सर्व मशिनरीसह, आकाराम रामू नांदवडेकर याला देण्यात यावा. हे दान नव्हे. त्याची जागा माझ्यामुळे गेली आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. अनुजा खोत यांनी करावी. आमच्याच गल्लीतली मुलगी आहे, माझ्या गाड्या बघायला यायची.

गुरुवार, दि. २१. मृत्युपत्र वास्तविक कलम आठवर संपलं होतं. वरचा मसुदा घेऊन मी अनुजाकडे गेलो. तिने हातात पेन्सिल घेऊन वाचला. पाचव्या कलमापर्यंत हसत होती. सहावं वाचून तिने पेन्सिल खाली ठेवली.

"काका, हे तुम्ही गेल्यावर उघडणार."

"व्हय. मृत्युपत्रच हाय ते."

"आणि तुम्ही सत्त्याण्णवांत आलात तर?"

"तर बरंच की."

"तर हे आणखी पंधरा वर्षं कपाटात. डबा तवर थांबणार हाय काय तुमच्यासाठी?"

मी तिला म्हणालो की माझ्या छातीचं दुखणं आहे, मोठ्याने बोलू नकोस. ती मोठ्याने बोललेली नव्हती. मग तिने बाकीचं समजावलं. साक्षीदार दोन लागतात. ज्याला काही द्यायचं आहे त्याची साक्ष घेऊ नये, पुढे लोक बोट दाखवतात. एक तर घेणारा, नाहीतर साक्षीदार. आणि मसुदा स्वच्छ उतरवून आणा म्हणाली. मी तो उतरवणार नाही. स्वच्छ करायला बसलो की मी काय काय गाळीन हे मला माहीत आहे.

शुक्रवार, दि. २२. सकाळी दहाला फौंड्रीच्या गेटवर गेलो. रस्त्याने दोनदा मागे फिरलो होतो. आकारामने मला बसायला स्टूल दिलं.

"केरबाचा पत्ता पायजे हुता," मी म्हणालो.

"कशाला?"

मी सांगितलं. तार, डबा, जिन्यातलं व्हय, राख, गोणपाट. मध्ये एक ट्रक आला. आकाराम उठला, नंबर उतरवून घेतला, परत येऊन बसला आणि म्हणाला, "हं. फुडं." मी पुढचं सांगितलं. त्याचा उजवा हात मांडीवर होता. तिकडे बघायचं मी टाळलं.

वही मिटून तो म्हणाला, "सात वर्सं घरात शेगडी लावू दिली न्हाय मी. इस्त्री न्हाय. देवाफुडं समई लावली तर इझूपतूर तिथंच बसून ऱ्हातो. पोराच्या लग्नात आचाऱ्याजवळ पाण्याची बादली घिऊन उभा हुतो. अक्षता टाकाय बी गेलो न्हाय. म्हटलं, आपल्या हातनं एकदा झालंय, परत हुईल."

मला वाटत होतं की ही भीती माझ्या एकट्याच्या घरात आहे. मी त्याचे पाय धरायला वाकलो. तो म्हणाला, "गेटवर तमाशा नको. उद्या सकाळच्या पयल्या चंदगड गाडीला स्टँडवर ये." आणि वही घेऊन पुढच्या ट्रकाकडे गेला.

घरी येऊन त्रिशलाला सगळं सांगितलं. तिने लाटणं हातातच धरून ऐकलं. "म्हणून पाच-पाच वेळा मेन स्विच बघत होता व्हय," एवढं म्हणाली आणि प्रवासासाठी दशम्या करायला घेतल्या. चार जास्त केल्या, आकारामसाठी.

शनिवार, दि. २३. तो पुढच्या सीटवर बसला, मी मागच्या. गडहिंग्लजला गाडी थांबली तेव्हा त्याने एक चहा घेतला. आजवर त्याने माझ्यासमोर एकट्याने चहा घेतलेला नाही. दशम्यांचा डबा मी पुढे केला, त्याने खिडकीकडे तोंड केलं.

चंदगडहून दुसरी गाडी, मग पावसात चालत. लांबूनच त्याने हाताने घर दाखवलं. त्या घराच्या कौलांतून धूर निघत होता. मी रस्त्यातच चिखलात बसलो. ज्या धुराची सात वर्षं वाट बघितली तो आज माझ्यासमोर होता, असं मला खरंच वाटलं. आकारामने डाव्या हाताने माझ्या काखेत धरलं.

"चूल हाय ती. ऊठ."

केरबा दारात आला. मला त्याने आधी ओळखलं नाही, "या पावणं, या की," म्हणून पाय धुवायला पाणी दिलं, मग ओळखलं आणि ओरडूनच हाक मारली. सोप्यात भिंतीशी आमचा जुना ट्रॅक मांडलेला होता. फळीवर डबा. मी हातपाय पुसायच्या आधी डबा उचलला. बुडाला पाच. स्क्रू केरबाने उघडला.

आत काचेचा फ्यूज होता.

"तार कुठाय?" मी विचारलं.

"ती व्हय? आणल्या आणल्या काढली म्या," केरबा म्हणाला. "उघडून बघितलं, तर तार. म्हटलं, कुण्या शाण्यानं घातलीया ही? माझी हिरीवरची मोटार घिऊन तुमच्याकडं आलतो तवा केवढं बोललासा मला काडीवरनं! ध्यानातच ऱ्हायलं. मग चंदगडातनं फ्यूज आणून बसवला. उडतोय लई. उडला की पोरं थांबत्यात, नवा घालतो, परत खेळत्यात. त्याला काय हुतंय?"

सात वर्षं मी ज्या घराला आग लागताना बघत होतो ते घर धडधाकट उभं होतं. माझ्याच तोंडच्या शिव्या ऐकून त्याने ते वाचवलं होतं. मला हुंदका फुटला तो आवरेना. केरबाला काही कळेना, त्याने सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

आकारामने तो फ्यूज काढून घेतला, डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला आणि दारातल्या उजेडाकडे करून बघत राहिला. गव्हाच्या चार दाण्यांएवढी ती वस्तू.

"एवढंच व्हय?" त्याने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

मग मी हे कागद त्याच्या हातात दिले. त्याने पहिल्या शब्दापासून वाचले. सम्राटच्या भिंगापाशी थोडा थांबला. सहावं कलम दोनदा वाचलं. सातवं वाचल्यावर म्हणाला, "हे खोड."

"का?"

"मेल्यावरचं नको मला. द्यायचं आसंल ते जित्तेपणी दे, धोंडीच्या तोंडावर सगळं सांगून दे. आणि वकीलबाई काय म्हणालीया हितं? एक तर घेणारा, न्हायतर साक्षीदार. मग मी साक्षीदार."

सबब कलम ७ मी आकारामच्या देखत रद्द करत आहे. गाळ्याचं जे करायचं ते मी स्वतः, जिवंतपणी, धोंडुबाईसमोर करीन. तोवर माझं काही झालं तर गाळा त्रिशलाचा. काय करायचं ते तिला माहीत आहे. कलम ६ मधली जिनेशला दिलेली सूचनाही रद्द, कारण ते काम झालं. डबा केरबाकडेच राहील.

मी आकारामला विचारलं, मला क्षमा केलीस का? तो म्हणाला, "आत्ता न्हाय. क्षमावणीला माझ्या दारात ये. फोन करायचा न्हाय. कळत-नकळत म्हणायचं न्हाय. काय केलंस त्याचं नाव घिऊन धोंडीला सांग, मग बघतो. त्याच्या आधी मेलास तर काय बी मिळणार न्हाय, आत्ताच सांगतो."

क्षमावणी ८ सप्टेंबरला आहे. ऑपरेशनपासून अकरावा दिवस. डॉक्टरांना विचारून घेतो, अकराव्या दिवशी जिना चढता येतो का. आकाराम दुसऱ्या मजल्यावर राहतो. बुधवारी हा कागद लिहायला घेतला तेव्हा मला मरायची भीती वाटत होती. डबा सापडल्यावर ती कमी होईल असं मला वाटलं होतं. ती वाढली आहे. आता मला ८ तारखेपर्यंत जगायचंच आहे, आणि ते माझ्या हातात नाही.

हे सर्व मी वाचून पाहिलं, खाडाखोडीसह मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी सही केली आणि माझ्या समक्ष त्यांनी.

स्थळ: ~~कोल्हापूर~~ केरबा गावडे यांचा सोपा, ता. चंदगड, जि. कोल्हापूर
दिनांक: २३ ऑगस्ट २०२५, शनिवार

लिहून ठेवणार:
वर्धमान बाबगोंडा नेजकर

साक्षीदार:
१. केरबा गावडे

२. आकाराम रामू नांदवडेकर
सही डाव्या हातानं केली हाय. उजव्या हाताचं कारण कलम सहात हाय. ते मी वाचलं.